वल्ह्यांमागचा उस्ताद

२००५ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्यांत इस्माईल बेग हे एक नाव होते. हैदराबादचे बेग रोइंगचे, म्हणजे वल्ह्यांच्या नौकानयनाचे प्रशिक्षक. खेळाडू घडवणाऱ्या उस्तादांना केंद्र सरकार १९८५ पासून हा पुरस्कार देत आले आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारताने या खेळात जे कमावले, त्याच्या बातम्यांत बेग यांचे नाव कुठे ना कुठे सापडतेच. तरी आपल्या नांदगाव पेठेत, अमरावतीत किंवा अकोल्यात दहा घरांत विचारले, तर एकाही घरात हे नाव ठाऊक असण्याची शक्यता कमी. सानिया मिर्झा माहीत आहे, झहीर खान माहीत आहे. बेग माहीत नाहीत, कारण ते खेळाडू म्हणून पडद्यावर आले नाहीत. त्यांनी दुसऱ्यांना पडद्यावर आणले.

हा लेख त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांच्यासारख्या आणखी एका उस्तादाविषयी. कारण प्रश्न आपल्या घरांचाही आहे. दहावी-बारावीतला धिप्पाड, चपळ, मेहनती मुलगा घरी असतो. अभ्यासात तो मध्यम. आपण त्याला गॅरेजमध्ये, दुकानात नाहीतर टेक्सटाइल पार्कातल्या एखाद्या पाळीवर पाठवून मोकळे होतो. त्याच्या हाडापेरात काय आहे, हे पाहणारी नजर त्याला मिळतच नाही. ती नजर मिळाली तर काय होऊ शकते, ते पुढे वाचा.

खेळ कसा आहे?

रोइंग समजायला सोपे आणि करायला फार अवघड. शर्यत सरळ पाण्यावर २००० मीटरची. बोट अरुंद, लांबट आणि अतिशय हलकी. एकट्याच्या बोटीचे वजन नियमाने किमान १४ किलो असावे लागते. म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्याहूनही कमी. आठ जणांची बोट मात्र १७-१८ मीटर लांब असते आणि तिचे किमान वजन ९६ किलो. एकेका खेळाडूच्या हाती दोन वल्ही असली तर त्या प्रकाराला स्कलिंग म्हणतात, एकच वल्हे असले तर स्वीप. आठ जणांच्या बोटीत नववा माणूसही असतो, त्याला कॉक्स म्हणतात. तो वल्हे मारत नाही. सुकाणू धरतो आणि हुकूम देतो.

बघणाऱ्याला वाटते की हा हातांचा खेळ आहे. खरे जोर पायांचे. खेळाडूची बैठक चाकांवर पुढेमागे सरकते. पाय दुमडून तो पुढे येतो, वल्हे पाण्यात घालतो, पायांनी फळीला रेटा देतो, मग पाठ, आणि सर्वांत शेवटी हात. एका मिनिटात हे चक्र ३२ ते ४० वेळा फिरते, आणि शर्यत साडेपाच ते साडेसात मिनिटे चालते. या थोड्या वेळात छाती आणि मांड्या अक्षरशः पेटतात.

आणखी एक गोष्ट. वल्हे मारणारा पाठमोरा बसतो. जिथे पोचायचे ती रेषा त्याच्या पाठीमागे असते. त्याला दिसते ते मागे टाकलेले पाणी. चार किंवा आठ जणांच्या बोटीत एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पडले तरी सगळी बोट डुलते आणि वेग मरतो. म्हणून या खेळात एकटा वीर चालत नाही. जो सर्वांत बलवान तो नव्हे, जो दुसऱ्याच्या तालात बसतो तो बोटीत टिकतो.

प्रशिक्षकाची अडचण याहून वेगळी. सरावात तो मोटारबोटीतून किंवा काठाने सायकलवरून मुलांच्या बरोबर जातो, ओरडतो, चुका दाखवतो. शर्यतीचा इशारा झाला की त्याची जीभ बांधली जाते. बाहेरून यंत्राद्वारे सूचना देण्यास नियमाने मनाई आहे. कित्येक वर्षे जे शिकवले, ते सहा-सात मिनिटांत मुलांच्या अंगातून बाहेर येते की नाही, एवढेच तो बघू शकतो.

बेग यांचा काळ

रोइंगमध्ये भारत ऑलिम्पिकला पहिल्यांदा गेला तो २००० साली, सिडनीला. कासम खान आणि इंदरपाल सिंग ही जोडी होती. म्हणजे या खेळाचा आपला ऑलिम्पिक इतिहास उणापुरा पाव शतकाचा. बेग यांची कारकीर्द याच काळातली. राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी एकामागून एक पिढ्या हाताळल्या.

राजस्थानातल्या सीकर जिल्ह्याचा बजरंगलाल ताखर हा लष्कराचा जवान. २००६ च्या दोहा आशियाई खेळांत त्याने एकेरीत रौप्यपदक घेतले. पुढची चार वर्षे तो त्याच दोन वल्ह्यांशी झगडत राहिला. २०१० मध्ये चीनच्या ग्वांगझूमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. आशियाई खेळांतले रोइंगमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. त्याच स्पर्धेत भारताला आणखी तीन रौप्य आणि एक कांस्य मिळाले. कांस्य मिळवणाऱ्या दोन मुली होत्या, प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ.

२०१४ मध्ये इंचॉनला तीन कांस्य आली. एकेरीत स्वर्ण सिंग, कमी वजनाच्या एकेरीत दुष्यंत आणि आठ जणांची बोट. २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पालेमबांगला चौघांच्या बोटीने सुवर्ण घेतले. त्याची हकीकत पुढे येईल. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही कमी वजन गटातली जोडी अकरावी आली. अकरावा क्रमांक ऐकून कोणी नाक मुरडील. परंतु ऑलिम्पिकमधल्या भारतीय रोइंगची त्या दिवसापर्यंतची ती सर्वांत चांगली कामगिरी होती. पुढे २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई खेळांत भारताने रोइंगमध्ये पाच पदके मिळवली, दोन रौप्य आणि तीन कांस्य.

या यादीत एक धागा आहे. बहुतेक सगळे खेळाडू फौजेतले आणि शेतकऱ्यांची मुले. बंगला, गाडी, क्लबाचे सभासदत्व असलेल्या घरातले कोणी नाही. इंग्रजांच्या काळात हाच खेळ साहेबांचा होता. कोलकात्याचा रोइंग क्लब १८५८ चा, मद्रासचा बोट क्लब १८६७ चा. गोऱ्या साहेबांच्या हातातले वल्हे खेड्यातल्या पोरांच्या हाती आले ते फौजेमुळे, आणि फौजेतल्या उस्तादांमुळे.

कुदरत अलींनी काय पाहिले

आता दुसऱ्या उस्तादाची गोष्ट. ही आपल्या महाराष्ट्रातली आहे.

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव आहे. कांद्याचा मुलूख, आणि पाण्याची कायमची ओढ. तिथला दत्तू बबन भोकनळ, जन्म १९९१ चा. वडील विहिरी खोदायचे. दत्तूही त्यांच्याबरोबर विहिरीत उतरला, शेतात राबला, पेट्रोल पंपावर काम केले. २०११ मध्ये वडील वारले. घराचा भार थोरल्या मुलावर आला आणि २०१२ मध्ये तो फौजेत भरती झाला. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजे पुण्यात.

तिथे कुदरत अली हे प्रशिक्षक होते. त्यांच्यासमोर सहा फुटांहून उंच, लांब हातापायांचा एक रंगरूट उभा होता. तो बोटीत कधी बसलेला नव्हता, आणि त्याला पाण्याची भीती वाटत होती. दुसऱ्या कोणी असता तर म्हणाला असता, हा काय वल्हे मारणार! कुदरत अलींनी उंची पाहिली, विहीर खोदून घडलेली पाठ आणि मांड्या पाहिल्या, आणि त्याला रोइंगला लावले. भीती घालवता येते, पोहणे शिकवता येते, तंत्र घोटून घेता येते. विहिरीच्या तळाशी वर्षानुवर्षे कमावलेली दमछाट कुठल्याही शिबिरात मिळत नाही. चांगल्या उस्तादाला हा फरक कळतो.

पुढच्या वर्षी दत्तू दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधल्या आर्मी रोइंग नोडमध्ये दाखल झाला. देशातल्या रोइंगचे हे मोठे केंद्र. २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्य मिळवले. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूच्या पात्रता स्पर्धेतून त्याने रिओ ऑलिम्पिकचे तिकीट काढले. त्याच दिवसांत गावाकडे आई अपघातात गंभीर जखमी होऊन अंथरुणावर होती. रिओला तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, शेवटी एकूण तेरावा आला. त्याच्याआधी एकेरीत कोणी भारतीय इतका वर गेला नव्हता.

मग २०१८. पालेमबांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू सर्वांत मागे पडला. शर्यत त्याच्या हातून अर्ध्यातच निसटली. तब्येत बरी नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या बोटीची शर्यत होती. स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग. आदल्या दिवशी कोसळलेला माणूस बोटीत होता आणि उरलेले तिघे त्याच्यावर विसंबून पाठमोरे बसले. ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत बोट रेषेपार गेली. सुवर्णपदक!

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. त्या अर्ध्यात सुटलेल्या एकेरीच्या शर्यतीवरून रोइंग फेडरेशनने २०१९ मध्ये दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. २०२० च्या सुरुवातीला ती उठवली, आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण खेळाडूच्या उमेदीतले महिने परत येत नसतात. टोकियोला तो गेला नाही. आपली मुले खेळात घालणाऱ्या आईबापांनी हेही जाणून घ्यावे. पदक आणि बंदी यांच्यातले अंतर कधी कधी एका दिवसाचे असते. अशा वेळी मुलाच्या मागे उभे राहणारे घर लागते.

एक कॉलेज, एक प्रशिक्षक आणि बर्लिन

रोइंगच्या जगात कॉलेजांच्या शर्यती फार जुन्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली बोट रेस १८२९ पासूनची आहे. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल १८५२ पासून भिडत आले. या श्रीमंत कॉलेजांना मागे टाकणारा एक प्रशिक्षक होऊन गेला, त्याचे नाव अल अल्ब्रिक्सन. अमेरिकेच्या पश्चिम टोकाला सिअॅटल शहर आहे. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा हा प्रशिक्षक. १९२७ ते १९५८ अशी तीसहून अधिक वर्षे तो तिथेच होता. बोलायचा इतका कमी की मुले त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायची.

मंदीचा काळ होता. त्याची मुले लाकूडतोड्यांची, शेतकऱ्यांची, मजुरांची. जो रँट्झ नावाच्या मुलाला तर घरच्यांनी कोवळ्या वयात एकटे सोडून दिले होते. लाकडे तोडून, मिळेल ते काम करून त्याने फी भरली. अल्ब्रिक्सन कित्येक महिने बोटीतली माणसे बदलत राहिला, नऊ जणांचा ताल जमेपर्यंत. १९३६ मध्ये हीच बोट अमेरिकेतर्फे बर्लिन ऑलिम्पिकला गेली. १४ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. लय ठरवणारा डॉन ह्यूम आजारी होता, वाट्याला आलेली लेन सगळ्यांत बाहेरची, वाऱ्याच्या तोंडावरची. स्टँडमध्ये हिटलर बसलेला. अमेरिकेची वेळ ६ मिनिटे २५.४ सेकंद, इटलीची २६.०, जर्मनीची २६.४. एका सेकंदाच्या आत तीन बोटी, आणि पुढे होती ती मजुरांच्या पोरांची.

वऱ्हाडातल्या वाचकांसाठी यात एक खास गोष्ट आहे. त्याच १९३६ सालच्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही तिथे होते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याने कबड्डीसारखे देशी खेळ बर्लिनच्या मैदानावर करून दाखवले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी, परदेशी जायचे म्हणजे बोटीने आठवडे मोजायचे त्या काळात, अमरावतीची पोरे तिथवर पोचली होती. आज नांदगाव पेठेतून पुण्याला एका रात्रीत जाता येते. वाट लांब आहे, ही सबब आपल्याला उरलेली नाही.

आपल्याकडे पाणी कुठे आहे?

असा प्रश्न कोणी विचारील. बजरंगलालच्या सीकरला तरी पाणी कुठे होते? दत्तूच्या चांदवडला कुठे होते? कोरड्या मुलखातली माणसे या खेळात पुढे आली, कारण खेळाला आधी शरीर लागते, पाणी नंतर. सुरुवात तर जमिनीवरच होते. अर्गोमीटर नावाचे यंत्र असते, त्यावर वल्हे मारण्याची हुबेहूब हालचाल करता येते आणि वेळ मोजता येतो. निवड करताना प्रशिक्षक बहुधा याच यंत्रावर मुलांचा दम पाहतात.

तेव्हा घरातल्या मुलामुलीकडे एकदा वेगळ्या नजरेने बघा. वयाच्या मानाने उंची जास्त आहे का? हात लांब आहेत का? लांब पल्ल्याच्या धावण्यात तो शेवटपर्यंत टिकतो का? हे असेल तर पुढचे टप्पे अवघड नाहीत.

पहिला टप्पा पोहण्याचा. पोहता आल्याशिवाय मुलाला बोटीत बसवू नये, आणि बसवणाऱ्या प्रशिक्षकावर विश्वास ठेवू नये. सुरुवातीला अंगात लाइफ जॅकेट आणि जवळ सुरक्षेची बोट आहे ना, हे आईबापांनी स्वतः जाऊन बघावे. विहिरीत, खदानीत, धरणाच्या पाण्यात मुलांनी आपापले पोहायला शिकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दर उन्हाळ्यात त्याच्या बातम्या आपण वाचतो.

दुसरा टप्पा जागेचा. कमी वयाच्या मुलांसाठी लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. तिथे ८ ते १४ वयाची मुले चाचणी घेऊन निवडली जातात; खेळाबरोबर शिक्षण आणि राहणे-खाणेही होते. कुठल्या कंपनीत कोणता खेळ आहे, ते आधी विचारून घ्यावे. बारावीनंतर पुण्याला शिकायला जाणाऱ्यांसाठी शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजचा, सीओईपीचा बोट क्लब आहे. तो १९२८ पासून मुळा नदीवर चालतो, आणि दरवर्षी तिथली मुले रेगाटा भरवतात. विद्यापीठांच्या खेलो इंडिया स्पर्धेतही रोइंग आले आहे; २०२३ मध्ये या शर्यती गोरखपूरच्या रामगढ तलावावर झाल्या.

तिसरा टप्पा पोटापाण्याचा, आणि खरा अडसर इथेच असतो. खेळून काय मिळणार, हे अब्बांचे म्हणणे चुकीचे नाही; घर त्यांनाच चालवायचे असते. म्हणून ही माहिती हाताशी ठेवावी. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. फौज, रेल्वे, पोलीस यांत खेळाडूंची वेगळी भरती होते. मात्र यासाठी प्रमाणपत्र मान्य स्पर्धेचे असावे लागते. गल्लीतल्या स्पर्धेची ढाल शोकेसमध्ये शोभते, अर्जाला चालत नाही. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवायची सवय अम्मीने लावली, तर पुढे तीच उपयोगी पडते.

मुलींबाबत घरात पहिला प्रश्न पोशाखाचा निघतो. सैल कपडा सरकत्या बैठकीच्या चाकात किंवा वल्ह्याच्या मुठीत अडकतो, म्हणून अंगासरशी बसणारे कपडे लागतात. ते पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे असू शकतात का, संघात सगळ्यांचा पोशाख कसा ठरतो, सराव किती वाजता, बरोबर महिला प्रशिक्षक कोण, हे सगळे आधीच मोकळेपणाने विचारावे. चांगला प्रशिक्षक अशा प्रश्नांना कंटाळत नाही. ग्वांगझूला पदक घेणाऱ्या ओडिशाच्या त्या दोन मुलीही साध्या घरांतल्याच होत्या.

उस्तादाची कदर

आपल्या समाजात उस्ताद हा शब्द मोठ्या अदबीने वापरतात. मदरशात शिकवणारे, सुतारकाम शिकवणारे, गाणे शिकवणारे, मोटार दुरुस्ती शिकवणारे, सगळे उस्तादच. शागीर्द पुढे गेला की उस्तादाचे नाव घेतो, ही आपली रीत आहे. इस्माईल बेग आणि कुदरत अली यांच्या शागिर्दांत बजरंगलाल आहे, स्वर्ण सिंग आहे, दत्तू आहे. शिकवताना कोणी कोणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. विचारले ते एवढेच की पहाटे पाण्यावर येशील का, आणि उद्या पुन्हा येशील का.

आपल्या गावातही असे कोणी असतील. शाळेचे पीटी सर, आखाड्यातले वस्ताद, पोलीस भरतीच्या पोरांना फुकट पळवणारा एखादा निवृत्त फौजी. त्यांच्याकडे आपले मूल एकदा घेऊन जा आणि त्यांना विचारा, याच्यात तुम्हाला काय दिसते? ते जे सांगतील ते घरी बसून नीट ऐका. मुलाला आपण रोज पाहतो, म्हणूनच कदाचित त्याची उंची आपल्या लक्षात येत नाही.